जीभ टाळूला, ओठ मिटलेले, श्वास नाकाने: मायोफंक्शनल थेरपी पायरी पायरीने

मूल टीव्हीपुढे बसलेलं असताना त्याला कळू न देता ५ मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघा. ओठ मिटलेले आहेत की मध्ये फट आहे? फटीतून जीभ दिसते का? "तोंड मीट" म्हटलं की ते मिटतं आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडतं. अशा मुलाला घरात उगाच बोलणी खावी लागतात. त्याचा काहीच दोष नसतो. एक तर नाकातून पुरेशी हवा येत नसते, नाहीतर हवा येत असूनही ओठ, गाल आणि जिभेच्या स्नायूंना वेगळीच सवय जडलेली असते. ती मोडून नवी सवय लावण्याच्या कामाला ओरोफेशियल मायोफंक्शनल थेरपी म्हणतात. अमेरिकेतले दंतवैद्य आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ मध्ये दातांच्या ठेवणीसाठी चेहऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम मांडले, तेव्हापासून ही वाट चालू आहे. मोठ्यांनाही ती उपयोगी पडते, विशेषतः घोरणाऱ्यांना.

गाठायचं काय ते आधी नीट समजून घ्या. आपण बोलत, खात, पीत नसू तेव्हा ओठ मिटलेले, श्वास नाकाने, वरच्या-खालच्या दातांत २-३ मिलिमीटर अंतर आणि जीभ टाळूला लागलेली. नुसतं टोक टेकवलं की झालं, असं नाही. वरच्या पटाशीच्या दातांमागे हिरडीवर एक छोटा उंचवटा जिभेला लागतो. टोक त्या उंचवट्यावर, पण दातांना ढकलत नाही, आणि मागची सगळी जीभ टाळूला हलकेच चिकटलेली.

बरेच जण व्यायामालाच थेरपी समजतात आणि तिथेच चुकतात. दिवसभरात आपण साधारण ५०० ते १००० वेळा गिळतो. एकेका वेळी जिभेचा दाब सेकंदभर टिकतो, म्हणजे सगळा मिळून फार तर १७ मिनिटं. दात सरकायला मात्र हलका का होईना, पण तासन्‌तास टिकणारा दाब लागतो. म्हणून दातांच्या फटीत दिवसभर पडून राहणारी जीभ ही चुकीच्या गिळण्यापेक्षा जास्त नुकसान करते. पुढे दिलेला प्रत्येक व्यायाम त्या बाकीच्या २३ तासांसाठी आहे. सकाळी १५ मिनिटं मन लावून व्यायाम आणि उरलेला दिवस तोंड उघडं, असं चाललं तर सहा महिन्यांनीही काही बदललेलं दिसणार नाही.

सुरुवात नाकापासून

नाक बंद असताना ओठ मिटण्याचा आग्रह धरणं चूक आहे, आणि मुलाच्या बाबतीत तर क्रूरपणाचं. आधी तपासा. स्टीलचा थंड चमचा नाकाखाली आडवा धरून नाकाने श्वास सोडायला सांगा. दोन्ही बाजूंना वाफेचा ठसा उमटायला हवा. एका बाजूचा ठसा थोडा लहान असणं स्वाभाविक आहे, कारण दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने काही तास कमी-जास्त मोकळ्या होत असतात. मग तोंडात घोटभर पाणी धरून, ओठ मिटून, घड्याळ लावून ३ मिनिटं बसायला सांगा. आरामात जमलं तर नाक चालू आहे आणि प्रश्न सवयीचा आहे. मिनिटभरात चुळबुळ सुरू झाली, डोळे मोठे झाले, पाणी गिळून तोंड उघडलं, तर व्यायाम बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

तिथे तीन गोष्टी हमखास पाहतात: ॲडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातल्या गाठी) आणि टॉन्सिल, ॲलर्जीची सर्दी आणि नाकाचा मधला पडदा. ॲडेनॉइडच्या गाठी साधारण ३ ते ७ या वयात सगळ्यात मोठ्या असतात. ऑपरेशन झालं, वाट मोकळी झाली, तरी बऱ्याच मुलांचं तोंड उघडंच राहतं, कारण सवय गाठीबरोबर कापली जात नाही. थेरपीची खरी गरज तिथून पुढे असते आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

ॲलर्जीसाठी डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो मारण्याची पद्धत महत्त्वाची. मान किंचित खाली. डाव्या नाकपुडीसाठी बाटली उजव्या हातात आणि उजवीसाठी डाव्या हातात. फवारा डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या रोखाने जायला हवा. सरळ मधल्या पडद्यावर मारत राहिलं की तो कोरडा पडतो, घोळणा फुटतो आणि मग "औषध सोसत नाही" म्हणून स्प्रे बंद होतो.

नाक धुण्यासाठी २४० मिली पाण्यात साधारण २ ग्रॅम मीठ लागतं. आयोडीन न घातलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घ्या, किंवा औषधाच्या दुकानातली तयार पुडी वापरा. पाणी खळखळून किमान १ मिनिट उकळलेलं आणि मग कोमट झालेलंच हवं. नळाचं पाणी तसंच नाकात घालू नये. त्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर जीव जातो. जलनेती करणाऱ्यांनीही हा नियम पाळावा. धुऊन झाल्यावर पुढे वाकून, दोन्ही बाजू उघड्या ठेवून, हलकेच शिंकरा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जाऊ शकतं.

एवढं सगळं नाकासाठी, कारण त्याची जागा तोंड घेऊ शकत नाही. नाकात हवा गरम होते, ओलसर होते, गाळली जाते. शिवाय नाकालगतच्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. तोंडाने घेतलेल्या श्वासात हे फारसं नसतं, म्हणून घसा कोरडा, ओठ फुटलेले, सकाळी तोंडाला वास आणि उशीवर लाळेचे डाग.

अंगठा चोखण्याची सवय चार वर्षांनंतरही टिकली असेल तर तीही आधी सोडवावी लागते. अंगठा तोंडात असेपर्यंत जिभेला टाळूपर्यंत जायला जागाच नसते. कडू औषध लावणं, चारचौघांत लाज आणणं याने ती लपून-छपून चालू राहते. मूल कधी चोखतं ते आठवडाभर लिहून काढा: झोप येताना, गाडीत, कंटाळा आल्यावर. त्या वेळी हाताला दुसरं काम द्या आणि रात्री हातावर पायमोजा चढवा.

साहित्य आणि वेळापत्रक

मान आणि चेहरा पूर्ण दिसेल असा आरसा, स्टॉपवॉच, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, दातांचा पक्का दोरा, सुमारे २.५ सेंटिमीटरचं सपाट बटण, स्ट्रॉ आणि मूठभर कुरमुरे. दवाखान्यात दातांच्या तारांना लावतात ती छोटी रबरबँड जिभेच्या टोकावर ठेवायला देतात. घरी तेच काम कुरमुऱ्याने होतं, आणि गिळला गेला तरी बिघडत नाही. बटण आणि रबर पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायचं नाही. मोठ्या मुलानेही बटण दोऱ्यात पक्कं बांधून, बसूनच वापरायचं.

सूचना ऐकून तशा पाळता येतील असं वय हवं, म्हणजे साधारण पाच-सहा. दिवसातून २ ते ३ वेळा, दर वेळी १० मिनिटं. पहिले ३ महिने आठवड्याला तज्ज्ञाशी एक भेट आणि नंतर भेटी विरळ, असा सर्वसाधारण क्रम असतो. तोंडाच्या आत काय चाललंय ते स्वतःला कळत नाही, म्हणून निदान सुरुवात तरी तज्ज्ञाकडेच करा: भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ, किंवा हे प्रशिक्षण घेतलेले दंतवैद्य. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था इथे वाचा-उपचाराचे विभाग आहेत.

जागा शोधणं

इंग्रजीवरून उतरवलेल्या बऱ्याच पत्रकांत "न म्हणा, जीभ लागली तीच जागा" असं असतं. मराठीत हे फसतं, कारण अनेकांची जीभ "न" म्हणताना, त्यातही "अंत", "दांत" अशा शब्दांत, थेट दातांनाच टेकते. त्याऐवजी "ल" म्हणा, लांबवून: "ल्ल्ल". जीभ दातांमागे थोडी वर, हिरडीवर टेकते. तिथेच थांबा. त्या जागेवर आइस्क्रीमच्या काडीने हलकेच ५ सेकंद दाबा, काडी काढा आणि जिभेच्या टोकाने तीच जागा हुडका. असं १० वेळा.

मग जिभेच्या टोकावर कुरमुरा ठेवून त्या जागेवर लावा, ओठ मिटा आणि तो विरघळेपर्यंत सोडू नका. टोक घसरून दातांना ढकलू लागलं की कुरमुरा पुढे येऊन ओठांवर दिसतो. चूक लगेच कळते, म्हणून मुलांना हा व्यायाम आवडतो. हळूहळू कुरमुऱ्याशिवाय, पुस्तक वाचताना किंवा चित्र रंगवताना, ५ मिनिटांपर्यंत न्या.

जीभ वर धरण्याची ताकद

घोड्याच्या टापांसारखा "टॉक" आवाज काढायचा, पण सावकाश. सगळी जीभ टाळूला चोखून चिकटवा, २ सेकंद धरा आणि मग सोडा. २० वेळा. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे खालचा जबडा वर-खाली करून आवाज काढणं. आवाज मोठा येतो, पण जीभ काम करत नाही. हनुवटीखाली मूठ टेकवून जबडा स्थिर ठेवा, आवाज लगेच बारीक होईल. तो बारीक आवाजच खरा.

आता जीभ चिकटवून ठेवूनच तोंड जमेल तेवढं उघडा. आरशात जिभेखालचा पातळ पडदा ताणलेला दिसेल. १० सेकंद धरा आणि सोडा. असं १० वेळा. जिभेच्या कडा दोन्ही बाजूंना टाळूला सारख्या लागल्या आहेत का ते बघा. एक बाजू सुटत असेल तर कमी उघडा, पण सारखं चिकटवा.

जीभ वर चिकटतच नसेल, टोक ओढल्यासारखं मध्ये खाचून बदामाच्या आकाराचं दिसत असेल, तर जिभेखालचा पडदा आखूड असू शकतो. मोजपट्टीने एक साधं माप घेता येतं. तोंड पूर्ण उघडून वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांमधलं अंतर मोजा. मग टोक जागेवर ठेवून जास्तीत जास्त उघडा आणि पुन्हा मोजा. दुसरं माप पहिल्याच्या निम्म्याहून कमी भरलं तर तज्ज्ञांना दाखवा. कापलाच पाहिजे असं नाही, पण कापायचं ठरलं तर आधी काही आठवडे आणि नंतर लगेच व्यायाम हवेत. नुसतं कापून सोडून दिलेली जखम भरताना पुन्हा आखडते आणि जिभेला वर जायची सवय नसतेच.

ओठांसाठी बटणाला दोरा बांधून ते दात आणि ओठ यांच्या मध्ये ठेवा, दात मिटा आणि दोरा समोर सरळ, हलकेच ओढा. ओठांनी बटण १० सेकंद अडवून धरायचं. असं ५ वेळा. हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडले तर ओठ काम टाळताहेत आणि हनुवटीचा स्नायू खालचा ओठ वर रेटतो आहे. ओढ कमी करा आणि हनुवटीवर बोट ठेवून ती मऊ राहते का ते पाहा. एरवी गृहपाठ करताना ओठांत, दातांत नव्हे, आइस्क्रीमची काडी ५ मिनिटं धरली तरी पुष्कळ फरक पडतो.

घोरणाऱ्यांसाठी

झोपेत जिभेचं मूळ आणि मऊ टाळू सैल पडून श्वासाची वाट अरुंद होते. ब्राझीलमध्ये साओ पाउलो इथे २००९ मध्ये मध्यम तीव्रतेचा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार अडखळण्याचा आजार) असलेल्या ३१ रुग्णांवर अभ्यास झाला. व्यायामाच्या गटाने ३ महिने रोज सुमारे ३० मिनिटं जीभ, मऊ टाळू आणि चेहऱ्याचे व्यायाम केले. तासाला सरासरी २२.४ वेळा अडखळणारा श्वास १३.७ पर्यंत आला. २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा मोठ्यांमध्ये ही घट साधारण निम्मी दिसली. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण नीट वाचा: १३.७ म्हणजे आजार पूर्ण गेला असं नव्हे. म्हणून सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवणारं) चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका. व्यायाम त्याच्या जोडीला करा आणि ३-४ महिन्यांनी झोपेची चाचणी पुन्हा करून घ्या.

मुख्य व्यायाम असे. टोक टाळूला लावून जीभ टाळूवरूनच मागे सरकवत न्या, २० वेळा. टोक खालच्या पुढच्या दातांना टेकवून जिभेचा मागचा भाग खाली तळाशी दाबा, २० वेळा. तोंड उघडून "आ" तुटक तुटक म्हणा आणि प्रत्येक वेळी पडजीभ वर उचलली जाते का ते आरशात बघा. दोन-तीन आठवडे पडजीभ नुसती थरथरते, मग ठळकपणे वर जाऊ लागते.

आवंढा गिळणं

पाणी पिताना मुलाचे ओठ अंगठ्याने हलकेच वेगळे करून पाहा. गिळण्याच्या क्षणी दातांमधून जीभ पुढे आली, ओठ घट्ट आवळले गेले, मान पुढे झुकली, तर तान्हेपणीची गिळण्याची पद्धत अजून सुटलेली नाही. बहुतेक मुलांची ती साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप बदलते.

नवी पद्धत लाळेपासून शिकवा. टोक जागेवर. दाढा मिटलेल्या. ओठ हसल्यासारखे उघडे, म्हणजे आरशात दात दिसतील. आता लाळ जिभेवरून मागे ओढून घ्या आणि आवंढा गिळा. जीभ दातांमध्ये दिसली नाही, ओठ हलले नाहीत, की एक मोजा. १० वेळा. जमलं की छोट्या चमच्याने ५ मिली पाणी. मग दही किंवा खीर, मग केळं आणि शेवटी बिस्किट व भाकरी. एका पायरीवर दहापैकी नऊ वेळा बरोबर आलं की पुढची पायरी. बिस्किट गिळल्यावर "आ" करायला सांगा. जिभेवर आणि गालांत चुरा पसरलेला असेल तर घास गोळा करून मागे नेणं अजून जमलेलं नाही. तोंडात घास असताना वर पाणी पिऊन तो लोटणारी मुलंही यातलीच. त्यांना पाणी घासानंतर द्या, घासाबरोबर नको.

आपल्याकडे तांब्या किंवा बाटली उंच धरून वरून पाणी पिण्याची रीत आहे. त्यात तोंड उघडं, दात एकमेकांपासून लांब आणि जीभ खाली असते. या काळात मुलाला पेला ओठाला लावूनच, घोट घोट पाणी पिऊ द्या, नाहीतर आरशासमोर शिकलेलं दिवसातून आठ-दहा वेळा पुसलं जातं.

एक स्पष्ट सूचना. गिळताना ठसका लागणं, घास अडकणं, वजन घटणं, अर्धांगवायूनंतर गिळता न येणं, हे वेगळे आजार आहेत. त्यांच्यासाठी हे व्यायाम घरी करू नयेत, डॉक्टरांकडे जावं.

बोलणं

जिभेचे व्यायाम करून उच्चार आपोआप सुधारत नाहीत. व्यायामांनी जिभेला जागा कळते, आवाज मात्र वेगळा शिकवावा लागतो. शिवाय मराठीची मोजपट्टी मराठीच हवी. त, थ, द, ध म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि तेच बरोबर आहे. इंग्रजीच्या "टी", "डी"साठी केलेल्या तक्त्यावरून त्याला दोष ठरवू नका. पाहायचं ते "स" कडे आणि "चाक", "चोर" मधल्या "च" कडे. "सात" चं "थात" होतंय का? "चिंच" म्हणायला लावा. या एका शब्दात आधी तालव्य ("चिमणी"तला) "च" आणि शेवटी दंततालव्य ("चोर"मधला) "च" आहे, त्यामुळे जीभ कधी दातांबाहेर डोकावते ते नेमकं दिसतं.

"स" ओलसर, फसफसल्यासारखा येत असेल तर स्ट्रॉचं टोक पुढच्या दातांसमोर धरून लांब "स्स्स" म्हणा. मग तीच स्ट्रॉ गालाकडे सरकवा. हवेचा आवाज समोर मोठा यायला हवा. बाजूला मोठा येत असेल तर हवा दाढांकडून निसटते, आणि असा "स" घरच्या घरी क्वचितच सुधारतो. सरावाचा क्रम: एकटा "स", मग "सा-सी-सू", मग शब्द, मग वाक्य, मग गप्पा.

"बाळ" चं "बाल" होत असेल तर टोक मागे वळवून टाळूला लावता येतं का ते बघा. "ळ" आणि "ण" साठी ते लागतंच. पण "र" आणि "ळ" उशिरा येणारे आवाज आहेत, चार वर्षांच्या मुलामागे त्यासाठी लागू नये.

उरलेले २३ तास

शाळेच्या डब्यावर, अभ्यासाच्या टेबलावर, टीव्हीच्या कडेला आणि फ्रिजवर लाल ठिपके चिकटवा. ठिपका दिसला की जीभ, ओठ, नाक तपासायचं. आठवड्याने ठिपक्यांची जागा बदला, नाहीतर डोळा त्यांना सरावतो. रात्री ओठांवर चिकटपट्टी लावण्याचा प्रकार मुलांवर करू नका, आणि घोरणाऱ्या किंवा नाक चोंदलेल्या मोठ्यांवरही करू नका. जीभ टाळूला जोरात दाबून जबडा धारदार करण्याचे व्हिडिओही सोडून द्या. मोठ्या माणसाचं हाड त्याने बदलत नाही आणि जबड्याचा सांधा मात्र दुखू लागतो.

दात सरळ करण्याच्या तारा निघाल्यावर पुढच्या दातांत पुन्हा फट पडत असेल तर दंतवैद्यांना जिभेची जागा तपासायला सांगा. टाळू फार अरुंद असेल तर जीभ वर मावतच नाही. तेव्हा आधी टाळू रुंद करणारं उपकरण आणि मग थेरपी.

दर महिन्याच्या एकाच तारखेला, त्याच उजेडात, मूल बेसावध असताना फोटो काढून ठेवा. आणि सर्दी झाली की त्या दिवसांत फक्त नाक धुणं चालू ठेवा. नाक मोकळं झाल्यावर पाण्याच्या घोटाची ३ मिनिटांची चाचणी पुन्हा घ्या आणि कुरमुऱ्यापासून सुरुवात करा. गमावलेलं बहुधा आठवड्याभरात परत येतं.